काटाकाकांची जड पेटी

काटाकाका आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणाले नाहीत. ते 'बघू' म्हणत. घरात नवा पंखा घ्यायचा का? बघू. सुट्टीत कुठे जाऊन यायचं का? बघू. 'बघू' म्हणजे विषय संपला, हे काकूंना लग्नानंतर थोड्याच दिवसांत कळलं होतं, आणि लेकीला तर ते बोलायला लागण्याआधीच कळलं असावं. पण चर्चमध्ये नव्याने आलेले पाळकसाहेब तरुण होते, उत्साही होते, आणि त्यांना या माणसाची भाषा अजून येत नव्हती. कमिटीच्या बैठकीत त्यांनी विचारलं, "तरुण संघासाठी काहीतरी वेगळं करायला कोण पुढे येईल?" कुणी पुढे येईना. सगळे आपापल्या चहाच्या कपात बघत बसले. काटाकाकांचा कप रिकामा झाला होता म्हणून त्यांनी मान वर केली, आणि तिथेच घात झाला.

"काका, तुम्ही?"

"बघू," काटाकाका म्हणाले.

पाळकसाहेबांनी लगेच देवाचे आभार मानले. डोळे मिटून, मोठ्याने, सगळ्या कमिटीला उभं करून. आमेन झाल्यावर माघार कशी घ्यायची हे काटाकाकांना ठाऊक नव्हतं. (प्रार्थना होऊन गेलेल्या गोष्टीचा फेरविचार कुठल्या खिडकीवर मागायचा, हे कुणालाच ठाऊक नसतं.)

त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, वजनं बरोबर असतील तर शिक्का मारायचा, झिजलेली असतील तर जप्त करायची, असं त्यांचं काम. तराजूचा काटा एका बाजूला केसभर जरी झुकला तरी त्यांना झोप लागत नसे. म्हणून ते काटाकाका. चर्चमधली मुलं हे नाव त्यांच्या पाठीमागे घेत, आणि हल्ली तोंडावरही घेऊ लागली होती. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. वाईट वाटण्यासारख्या मोठ्या गोष्टी त्यांच्याकडे भरपूर होत्या.

त्यातली पहिली म्हणजे तरुण संघ. एके काळी या संघाची मुलं चर्चमागच्या खोलीत मावत नसत, दारात उभी राहत. आता उरलेली सगळी एका बाकावर बसत आणि फोनमध्ये डोकं घालत. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं की या कार्यक्रमाला काही जीव दिसला तर ठीक, नाहीतर संघ बंद, आणि त्या खोलीत घडीच्या खुर्च्या ठेवायच्या. खुर्च्या निदान वेळेवर येतात, असं ते म्हणाले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे लेक. ती त्याच संघात होती. लहान असल्यापासून दर शनिवारी ती त्या खोलीत जायची, आणि खोली गेली तर मी चर्चमध्येही येणार नाही असं तिने आईला सांगितलं होतं. आईला. वडिलांना ती काही सांगत नसे. भांडण झालं होतं असं नाही. भांडण झालं असतं तर बरं, समेट तरी करता आला असता. ती फक्त हळूहळू गप्प होत गेली. पूर्वी ती शाळेतून आल्यावर बुटाची नाडी सोडायच्या आधी दिवसभरातलं सगळं ओकून टाकायची. आता काटाकाका विचारत, "कॉलेज कसं चाललंय?" तर ती म्हणे, "हं." "जेवलीस का?" "हं." एवढ्याशा अक्षरात ती एवढं सगळं कसं बसवते याचं त्यांना नवल वाटे, आणि मग रात्रभर वाईट वाटे. त्यांना आपली लेक परत हवी होती, बडबड करणारी. पुढे जे खजिना-बिजिना झालं, ते सगळं त्यासाठीच.

बैठकीहून ते घरी आले ते चेहरा पाडून. (चेहरा एरवीही पडलेलाच असे. काकू त्यातले प्रकार ओळखत.)

"आता काय झालं?" काकूंनी विचारलं.

"जिओकॅशिंग करायचंय."

"ते काय असतं? बँकेचं काही?"

"कॅश नाही गं त्यात. एकाने पेटी लपवायची. ती जिथे आहे तिथले अक्षांश-रेखांश सांगायचे. बाकीच्यांनी फोन बघत बघत ती शोधायची. जगभर खेळतात म्हणे. पाळकसाहेब म्हणाले, आपण ते जरा धार्मिक करू. ठिकठिकाणी वचनं, आणि शेवटी खजिना."

"लपवणार कोण?"

"मी."

काकू भांडी विसळत होत्या, त्या थांबल्या. "तुम्ही ठेवलेल्या वस्तू या घरात न लपवताच सापडत नाहीत. त्या हिशेबाने जमेल तुम्हाला."

काटाकाका कामाला लागले. एकदा गळ्यात पडलेलं काम नीट न करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ऑफिसातून आले की ते जेवणाच्या टेबलावर त्यांच्या वडिलांचं जुनं शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसत. ते एवढं जाड होतं की मिटताना खोलीत वारा सुटे. टेबलावर शहराचा नकाशा, त्यावर शास्त्र, त्यावर चष्मा, आणि चष्म्याखाली काटाकाकांचं मोडलेलं मन. काकू आणि लेक मांडीवर ताट घेऊन जेवत.

आधीची ठिकाणं सोपी होती. टपालपेटीच्या मागे मिठाची पुडी, बंद पडलेल्या कारंज्यात टॉर्च, वाचनालयाच्या पायरीखाली छोटा आरसा. (या सगळ्यांसाठी डबे काकूंच्या स्वयंपाकघरातून गेले. झाकणं मागे राहिली. दुसऱ्या दिवशी काकूंनी ऑफिसचा डबा म्हणून त्यांच्या हातात एक झाकण ठेवलं.) पण शेवटचं ठिकाण कसं नामी हवं. नुसते आकडे देऊन उपयोग नाही, मुलांनी शास्त्र उघडलं पाहिजे. म्हणून काटाकाकांनी युक्ती काढली की अक्षांशाचा शेवटचा आकडा कोरा सोडायचा आणि एक वचन द्यायचं. त्या वचनात जितके शब्द, तितका तो आकडा. त्यांनी शब्द मोजले. पुन्हा मोजले. मग बोट ठेवून उलटे मोजले. सात भरले, आणि माणसाला कितीतरी दिवसांनी थोडं बरं वाटलं.

खजिना काय ठेवायचा यावरही त्यांनी फार विचार केला. चॉकलेटं ठेवा, असं काकू म्हणाल्या. पण चॉकलेटात बोध कुठे आहे? ऑफिसच्या कपाटात एक जुनी लाकडी पेटी होती, बाद झालेल्या वजनांची. दुकानदारांकडून जप्त केलेली, झिजलेली, कुणाच्या कामाची न उरलेली लोखंडी वजनं. साहेबांना विचारून त्यांनी ती घरी आणली. एकट्याला उचलवणार नाही एवढी जड पेटी. सगळ्यांनी हात लावला तरच हलेल. माणसाने दुसऱ्याचं ओझं उचलावं, हा धडा त्यातून आपोआप मिळेल. आरशाच्या डब्यात त्या वचनासोबत ठेवायची शेवटची चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिली: 'येथे एक पेटी आहे. ती उघडू नका. सर्वांनी मिळून उचला, एक गीत म्हणा आणि पाळकसाहेबांची वाट पाहा.'

"पेटी जड आहे खरी," ते काकूंना म्हणाले, आणि ती किती जड आहे हे दाखवायला त्यांनी ती एकट्याने उचलली. त्यानंतर ते सरळ झालेच नाहीत. कंबर धरली होती. काकूंनी त्यांना भिंतीला टेकवून ठेवलं आणि मलम आणायला गेल्या.

आता पेटी बागेपर्यंत न्यायची कशी? कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी काकूंनी माळ्यावरून लेकीची जुनी बाबागाडी काढली. पेटी तिच्यात बरोबर बसली. कुणी बघू नये म्हणून काटाकाकांनी वरून दुलई पांघरली, आणि दोघं जिना उतरले. खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी बाबागाडीकडे पाहिलं, मग काकूंच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम हळवा झाला.

"काकू, कळवलंसुद्धा नाहीत."

"अहो, तसं काही नाही," काकू म्हणाल्या.

"झोपलंय वाटतं. मी नाही हं उठवत. किती वजनाचं आहे?"

इथे काटाकाकांनी गप्प बसायला हवं होतं. पण वजनाच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांना या जन्मात शक्य नव्हतं.

"बावीस किलो," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. काकूंनी दुलई पार वरपर्यंत ओढून घेतली.

बाग गावाच्या कडेला होती. लहानशी, फारसं कुणी न येणारी. मागे एक उंच दगडी भिंत आणि भिंतीसमोर एकच बाक. आभाळ सकाळपासून भरून आलेलं होतं, पाऊस पडत नव्हता पण ऊनही येत नव्हतं, आणि झाडांची पानं वाऱ्याने उलटीसुलटी होत होती. कंबरेमुळे काटाकाकांना पेटी गाडीतून काढता येईना, म्हणून त्यांनी बाबागाडीच बाकासमोर उभी केली. पाळकसाहेब आले. हेडमास्तर आले. चौघं बाकावर ओळीने बसले, पाठ फाटकाकडे आणि तोंड भिंतीकडे.

काटाकाकांनी फोन बंद करून खिशात ठेवला होता. लेकीने फोन करून काही विचारलं आणि आपल्या तोंडून चुकून काही निघालं, तर वडिलांनी मदत केली असं व्हायला नको. त्यांना फक्त तिचा चेहरा बघायचा होता, पेटी सापडल्यावरचा. एवढं एक बघायला मिळालं तर खोलीत खुर्च्या येवोत नाहीतर कपाटं येवोत, असं काहीतरी त्यांच्या मनात चाललं होतं.

मुलं आली नाहीत. यायची वेळ झाली, मग टळून गेली. पाळकसाहेब आधी बाकावर बोटांनी ताल धरत होते, मग तेही थांबले. काकूंनी सँडविचचा डबा उघडला. (डब्याला झाकण नव्हतं, फडकं बांधलेलं होतं.) कुणी घेईना म्हणून पुन्हा बांधला. हेडमास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि एक सुस्कारा टाकला. आयुष्यभर वर्गांवर टाकलेले सुस्कारे त्यात गोळा झालेले होते.

"खुर्च्या कितीशा बसतील त्या खोलीत?" ते म्हणाले.

काटाकाकांना वाटलं, मुलं कंटाळून घरी गेली असणार. लेकीनेच सांगितलं असेल, चला, आमच्या बाबांचं काही खरं नसतं. ते तिच्या बाजूनेही विचार करून पाहायला लागले, आणि तिच्या बाजूने त्यांना स्वतःचं काहीच बरं दिसेना. झिजलेल्या वजनांची पेटी कोण शोधत येणार? हे घरातल्या घरात तरी सुचायला हवं होतं.

एवढ्यात भिंतीच्या पलीकडून गाणं ऐकू आलं. अंत्यविधीचं गीत, सावकाश, सगळ्या कडव्यांसह. भिंतीपलीकडे दफनभूमी होती.

"बघा," हेडमास्तर म्हणाले. "कुणाचं तरी दफन चाललंय. आवाज तरुण आहेत. किती मनापासून म्हणताहेत. नाहीतर आपली मुलं. त्यांना हे कधी जमायचं?"

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. काटाकाकांनी आधीच घातलेली होती, त्यांनी ती आणखी खाली घातली. काकू मात्र कान देऊन ऐकत होत्या. त्या चर्चच्या गायकवृंदात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या. गीत वरच्या सुराला पोचलं आणि एक आवाज तिथे जरासा घसरून पुन्हा सावरला.

"अहो," काकू म्हणाल्या. "ही आपली आहे."

"कोण आपली?"

"आपली लेक. तिथेच घसरते ती. नेहमी तिथेच."

काटाकाकांनी मान वर केली. "तिथे कशाला जाईल ती? मी तर बागेचा आकडा दिलाय. सात शब्द. तीनदा मोजले मी."

"कुठलं वचन ते? थांबा, मी बघते." काकूंनी पर्समधून फोन काढला, बोटाने वर-खाली केलं, वचन सापडलं. त्या ओठांतल्या ओठांत मोजू लागल्या. मग त्यांनी पुन्हा मोजलं. मग फोन पाळकसाहेबांना दिला, पाळकसाहेबांनी मोजलं, आणि त्यांचा उत्साही चेहरा हळूहळू फिका पडला.

"काका," ते हलक्या आवाजात म्हणाले, "नऊ आहेत."

"कसे असतील? शास्त्रात शब्द वाढतात का?"

"तुम्ही वडिलांच्या शास्त्रातून मोजलेत ना? ते जुनं भाषांतर. मुलांच्या फोनमध्ये नवं आहे. त्यात भाषा सोपी केली आहे, त्यामुळे दोन शब्द जास्त लागलेत."

दुकानदाराचा तराजू केसभर चुकला तर त्याला दंड करणारा माणूस स्वतः दोन शब्दांनी चुकला होता. पाळकसाहेबांनी फोनमध्ये सातच्या जागी नऊ घातले. नकाशावरचा ठिपका बाकावरून उठला, भिंत ओलांडून पलीकडे गेला आणि दफनभूमीत जाऊन बसला.

आणि मग काटाकाकांना शेवटची चिठ्ठी आठवली. येथे एक पेटी आहे. उघडू नका. सर्वांनी मिळून उचला.

कंबर धरूनच ते बाकावरून उठले.

"उचलली असेल," ते म्हणाले. "अगं, त्यांनी कुणाची तरी पेटी उचलली असेल."

दफनभूमीचं फाटक भिंतीला वळसा घालून होतं. पाळकसाहेब पुढे धावले. हेडमास्तर काठी टेकत निघाले. सरकारी वजनं बागेत सोडून जाता येत नव्हती, म्हणून काटाकाका कंबरेत वाकून बाबागाडी ढकलत मागून, आणि काकू दुलई सांभाळत त्यांच्या बाजूने. रस्त्याने त्यांच्या डोळ्यांसमोर येत होतं ते सगळं वाईटच होतं. शोकात बुडालेलं अनोळखी घर. त्यांची पेटी पळवणारी कॉलेजची पोरं. पोलीस. आणि मध्यभागी लेक, आयुष्यात पुन्हा 'हं' सुद्धा न म्हणणारी.

आत पोचले तेव्हा गीत संपत आलं होतं. भिंतीजवळ नवी खणलेली कबर, आणि तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवर साधी, पॉलिश नसलेली पेटी. मुलांनी ती खांद्यावर घेतली होती. एका बाजूला ज्याला सगळे लांबू म्हणत तो, गुडघ्यात वाकून, म्हणजे पेटी सरळ राहावी. दुसऱ्या बाजूला लेक. तिचे केस तोंडावर आले होते आणि ते बाजूला करायला हात मोकळा नव्हता. शोकात बुडालेलं घर कुठेच नव्हतं. शववाहिकेचा ड्रायव्हर होता, कबर खणणारा होता, आणि हातात मिटलेली छत्री धरलेली एक म्हातारी होती. बस, तेवढीच माणसं.

मुलांनी पेटी हळूच खाली ठेवली. म्हातारीने बाबागाडी ढकलत येणाऱ्या वाकलेल्या माणसाकडे पाहिलं आणि पुढे झाली.

"तुम्ही यांच्यातल्या कुणाचे वडील का?"

"हो," काटाकाका म्हणाले. "माफ करा. फार मोठी चूक झाली. मी—"

"माझा भाऊ आहे हा," म्हातारी म्हणाली. त्यांचं बोलणं तिला ऐकूच आलं नसावं. "किल्ल्या बनवायचा. कुलूप अडकलं की लोक रात्री-अपरात्री बोलवायचे, आणि हा जायचा. आज कुणी आलं नाही. आमच्या पाळकांची आज दुसरीकडेही दोन दफनं, तेही अजून पोचले नाहीत. पेटी उचलायला माणसं पुरेनात म्हणून इथेच ठेवून बसलो होतो. मग ही मुलं आली. काही विचारलं नाही, काही बोलली नाहीत, हात लावून उभीच राहिली."

काटाकाकांनी आयुष्यभर वजनं केली, पण त्या क्षणी छातीवर जे काही आलं ते त्यांना तोलता आलं नाही. ते नुसते उभे राहिले आणि त्यांना रडू आलं. (कंबरेमुळे, असं त्यांनी नंतर काकूंना सांगितलं.) पाळकसाहेबांनी म्हातारीला विचारून प्रार्थना केली. तिला भावाबद्दल चार शब्द बोलायचे होते, ते तिने बोलून घेतले. मग पेटी खाली उतरली आणि मुलांनी एकेक करून माती टाकली. हेडमास्तरांनीही टाकली. हाताला लागलेली माती ते बराच वेळ रुमालाला पुसत राहिले.

बाहेर पडताना त्यांनी काटाकाकांना बाजूला घेतलं.

"खोली राहू द्या," ते म्हणाले. "खुर्च्यांचं मी दुसरीकडे बघतो."

काटाकाकांनी मान हलवली.

"एक सांगू का? तुमची चूक झाली म्हणून हे झालं. सगळं तुमच्या मनासारखं पार पडलं असतं, तर मुलं बागेत आली असती, लोखंड उचलून खाली ठेवलं असतं आणि घरी गेली असती. तेव्हा पुढच्या वेळी नियोजन दुसऱ्या कुणाकडे द्या."

घरी जाताना लेकीने आपणहून बाबागाडी हातात घेतली. पाळकसाहेब म्हातारीला घरी सोडायला गेले होते, बाकीची मुलं पांगली होती, आणि काकू सँडविच घेऊन जरा पुढे चालत होत्या. कदाचित मुद्दामच. काटाकाका लेकीच्या बाजूने चालत होते आणि कसं सांगावं याची मनात जुळवाजुळव करत होते. हे सगळं बाबांनी ठरवून केलं, असं तिला वाटत असेल तर? तसं तिला वाटू द्यावं, असा मोह त्यांना एक कोपरा ओलांडेपर्यंत झाला. किती दिवसांनी त्यांच्याकडून काहीतरी बरं झालं होतं. पण काटा कुठे झुकतोय हे दिसत असताना शिक्का मारणं त्यांना जमेना.

"हे बघ," ते म्हणाले, "ते दफनभूमीचं मी काही ठरवलं नव्हतं. माझं मोजायला चुकलं. जुन्या शास्त्रातून मोजले मी."

"माहितेय मला."

काटाकाका थांबले. 'हं' नव्हतं. चक्क दोन शब्द होते.

"काय माहितेय?"

"तुम्ही जुन्यातूनच मोजणार ते. रोज रात्री तेच तर वाचता तुम्ही, बाबा, मोठ्याने. मला अर्धं पाठ झालंय. मी तिथल्या तिथे सांगितलं सगळ्यांना, नऊ नाही, सात. लांबू म्हणत होता नऊ, मी म्हटलं, तुला आमचे बाबा माहीत नाहीत." ती बोलत सुटली होती, मध्ये श्वाससुद्धा न घेता. रस्त्यावरचा एक खड्डा आला तेव्हा तिने गाडी बेताने वळवली. "आम्ही आधी बागेतच आलो होतो. फाटकापर्यंत. मी तुम्हाला फोनसुद्धा केला, तुमचा बंद."

काटाकाकांना आनंदाने काही दिसेनासं झालं. लेक बोलत होती. इतकी वाक्यं, एकामागून एक, आणि सगळी त्यांच्याशी. त्यांनी ते डोळे मिटून साठवून घेतलं असतं, पण पुढे नाला होता.

"मग आत का नाही आलात गं?" त्यांनी विचारलं. "आम्ही समोरच तर बसलो होतो."

लेक जरा घुटमळली. मग म्हणाली, "तुम्ही चौघं एका ओळीत, माना खाली घालून. कुणी बोलत नाही, कुणी हलत नाही. समोर दुलईखाली काहीतरी झाकलेलं. आम्हाला वाटलं, दफन इकडेच चाललंय. म्हणून मग खजिना शोधायला पलीकडे गेलो."